टाइलवरची काच

सोमवारी सकाळी पावणेआठला प्रयोगशाळेतून फोन आला. ती पलंगाच्या कडेवर बसून उजव्या पायात मोजा चढवत होती. फोनवरच्या मुलीनं नाव आणि जन्मतारीख विचारून घेतली आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, की रक्तात एक जादा प्रोटीन दिसतंय, डॉक्टरांना कळवलंय, त्यांनी उद्या अकराला बोलावलंय, आणि पाठीचं नेहमीचं इंजेक्शन तोवर घेऊ नका. "जादा म्हणजे किती?" तिनं विचारलं. "ते डॉक्टर सांगतील, मॅडम." "आकडा तुमच्यासमोर असेल ना?" "आहे, पण मला सांगता येत नाही." "बरं," ती म्हणाली. तिला त्या मुलीचा राग आला नाही. ती स्वतः जुन्या इमारती तपासणाऱ्या कार्यालयात इंजिनियर होती. कुठल्याही जिन्यात रहिवासी तिला गाठून विचारत, "बाई, पडेल का हो?" आणि मनात उत्तर तयार असलं तरी ती म्हणत असे, "अहवालात येईल." आज ती जिन्यात वाट बघणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. तिनं मोजा टाचेवरून वर ओढला, दुसरा घातला, बूट बांधले आणि उठली.

मोजा स्वतःच्या हातानं घालता येणं ही तिच्या आयुष्यातली तशी अलीकडची गोष्ट. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं डोळे उघडायचे, पण पाठ उघडायची नाही. माकडहाडापासून मानेपर्यंत रात्रीतून कोणी काँक्रीट ओतून गेल्यासारखं सगळं घट्ट झालेलं असे आणि ते सैल व्हायला तासभर चालावं लागे, स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. मणक्यांच्या या संधिवाताची खोडच तशी. इतरांच्या पाठी विश्रांती घेतली की निवतात. ही विश्रांतीनं चेकाळते आणि श्रमानं नरमते. "आळशी माणसाला परवडायचा नाही हा आजार," असं तिचा नवरा म्हणायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि शाळेला निघण्याआधी तिच्यासमोर गुडघे टेकून तिला मोजे घालायचा. "नालबंद आलाय. टाप पुढे करा." ती हसायची आणि हसताना बरगड्या दुखायच्या, कारण बरगड्यांचे सांधेही त्या कटात सामील होते. मग आठ वर्षांपूर्वी तिला हे इंजेक्शन सुरू झालं, दर दोन आठवड्यांनी पोटाच्या कातडीत एक टोचणी. तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी ती वाकली आणि मोजा घातला, मग काढला आणि पुन्हा घातला. जे मणके आधीच एकमेकांना जुळून गेले होते ते काही सुटले नाहीत. मान अजूनही वळत नव्हती, बाजूला बघायचं तर सबंध अंग वळवावं लागे. कार्यालयात तिचं नाव ‘ओळंबा’ पडलं होतं. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो. तिनं ते नाव एकदा दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून निरोपाच्या चिठ्ठ्यांखाली स्वतःच ‘ओळंबा’ अशी सही करायला लागली. चिडवणाऱ्यांची हवाच गेली.

"कोण होतं?" नवऱ्यानं विचारलं. तो ब्रेडला लोणी लावत होता. "प्रयोगशाळा. रक्तात काहीतरी जादा आहे म्हणतात." "कमी असण्यापेक्षा बरं." "अरे, कॅन्सरचंही असू शकतं." सुरी ब्रेडवर थांबली. "असं म्हणाले?" "म्हणाले काहीच नाहीत. इंजेक्शन थांबवा म्हणाले." "मग तू अजून इमारत बघितली नाहीस आणि अहवाल लिहायला बसलीस." ती हसली, आणि हसू खरं होतं. "आईला इतक्यात सांगू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांगावं लागतं होय? माझ्या चेहऱ्यावर आज काय छापलंय ते त्या चष्मा न लावता वाचतात." तो उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. तिला मान वर करून त्याच्याकडे बघता येत नव्हतं, म्हणून तिनं त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत चहा संपवला.

त्या दिवशी कामात तिचं कुठे चुकलं नाही. एका गोदामाचं छत बघितलं, दोन तुळयांची मापं घेतली, कंत्राटदाराशी वाद घातला आणि जिंकला. पण कामाच्या फटीफटीतून वडील येत राहिले. तिला पाठ वडिलांची मिळाली होती, घरात हे नाक कोणाचं आणि ओठ कोणाचे अशी वाटणी चाले तेव्हा पाठीचा विषय निघाला की सगळे गप्प होत. फरक इतकाच, की ती सरळ जखडली आणि ते वाकून जखडले. चाळिशीतच त्यांची नजर जमिनीकडे लागली होती आणि ते माणसं बुटांवरून ओळखायचे. "या, या, टाच झिजलेली दिसते, नोकरी बदललीत वाटतं," असं ते दारात आलेल्या माणसाला म्हणायचे आणि ते बहुधा बरोबर असायचं. ती सहा वर्षांची असताना मोठ्या इस्पितळात त्यांच्या पाठीला यंत्रानं किरण दिले होते. त्या काळी तसा उपचार होता, आणि तो लागू पडला, हीच तर त्यातली मेख. वडील घरी आले ते शीळ घालत. वाक गेला नव्हता, पण दुखणं गेलं होतं. त्यांनी तिला पाठीवर घेऊन अंगणभर फिरवलं. त्यांच्या पाठीचं ऊन लागलेलं कापड तिच्या गालाला अजूनही कधीकधी जाणवायचं, कुठल्याही तापलेल्या भिंतीला कान लावून ती आतला पोकळ आवाज ऐकायची तेव्हा हमखास. चार वर्षांनी ते पांढरे पडत गेले, दंडांवर निळे डाग उठले, रक्ताचा कॅन्सर निघाला आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. आईनं तेव्हापासून एकच वाक्य जपलं होतं: पाठ बरी केली आणि माणूस नेला. इंजेक्शनांचा डबा पहिल्यांदा घरात आला, तेव्हा आईनं फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून दिला आणि म्हणाली, "दुधाशेजारी ठेवू नकोस ते."

मंगळवारी डॉक्टर वेळेवर भेटल्या. तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कमी बोलणाऱ्या, सांध्यांच्या डॉक्टर. गेली आठ वर्षं तिची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. बुटक्या टेकड्या आणि त्यांच्यामध्ये उभा एक बारीक सुळका. "हा इथे असायला नको," त्या म्हणाल्या. "हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, ज्या पेशी प्रोटीन बनवतात, त्यांच्यातल्या एकाच घराण्याची संख्या वाढली की असा सुळका दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत तो नुसता असतो, आयुष्यभर, आणि माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. असा सुळका असलेल्या शंभरांपैकी वर्षाला साधारण एकाला पुढे कॅन्सर होतो." "आणि माझ्या आजारामुळे?" "तुमच्या आजाराच्या लोकांत रक्ताचे काही कॅन्सर थोडे जास्त दिसतात. हा त्यातला एक. थोडे म्हणजे थोडेच. पण शून्य म्हणाले तर खोटं बोलेन." "थोडे कशामुळे?" "वर्षानुवर्षं शरीर आतून पेटलेलं असतं, त्यामुळे असावं असा तर्क आहे. सिद्ध झालंय असं नाही." "आणि इंजेक्शन?" डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "इंजेक्शनावर सगळ्यांचाच संशय होता. हजारो रोग्यांच्या पाहण्या झाल्या, त्यांत तो संशय टिकला नाही. पण पाहणी हजारांची असते आणि माझ्यासमोर तुम्ही एकट्या बसलेल्या आहात. बोन मॅरो बघेपर्यंत थांबू या. दोन-तीन आठवडे." त्यांनी सूज मोजणाऱ्या तपासणीचे आकडे काढले आणि त्यांचा सूर मोकळा झाला. "हे बघा, आठ वर्षं एकदाही वर गेलेले नाहीत. इतका शांत आलेख माझ्या दुसऱ्या कोणत्याही पेशंटचा नाही." तिला बरं वाटलं. वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. जिना उतरताना तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला: शंभरात एक, म्हणजे नव्याण्णव. एवढी हमी तर ती तिच्या उत्तम इमारतींनाही देत नसे.

आईला सांगावं लागलं नाहीच. संध्याकाळी आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. ऐंशी ओलांडली तरी तिचा अंगठा शेंगेवर असा चाले, की दाणे घाबरून बाहेर पडतात असं वाटावं. "काल रात्री टोचलं नाहीस," ती म्हणाली. "डॉक्टरांनी थोडे दिवस थांबायला सांगितलंय." "कायमचं थांबव." "आई, काय झालंय ते तरी विचार." "जावईबापूंचं तोंड काल सकाळपासून उतरलंय आणि तू मात्र नेहमीपेक्षा दीडपट बोलतेयस. मला काय विचारायचंय?" मग तिनं सगळं सांगितलं, सुळका, शंभर, एक. आई ऐकता ऐकता शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "तुझ्या बाबांनाही आकडे सांगितले होते. एकदम साजरे आकडे होते." "ते औषध वेगळं होतं, आई. ते किरण होते. आता कोणी देत नाही तसे." "तेव्हा सगळे देत होते." "म्हणून हेही तसंच?" "दुधानं तोंड पोळलेल्या बाईला तू ताकाचं कौतुक सांगतेयस," आई म्हणाली. "मला एवढंच कळतं, की त्यांचं दुखणं थांबलं त्याचा मला फार आनंद झाला होता. इतका, की बाकी काही बघायचं राहून गेलं." तिनं सालं गोळा केली. "तुला मोजे घालता यायला लागले तेव्हाही तसाच झाला होता. म्हणून मी तो दाखवला नाही."

हे शेवटचं वाक्य तिच्या मागे लागलं. बुधवारी ती जलतरण तलावावर गेली तेव्हाही ते बरोबर होतं. तलावाची इमारत तिच्या ओळखीची होती. पाठीसाठी पोहणं चांगलं, म्हणून ती आठवड्यातून दोनदा तिथे पोहायची, आणि सज्जामागच्या भिंतीला तडा होता, म्हणून वर्षातून दोनदा तपासायचीही. पाण्याचा तो औषधी वास, छतावर आपटून दुप्पट होणारे आवाज, उबदार दमट हवा आणि त्या हवेत पाठीचा एकेक मणका मनातल्या मनात उतरून बघण्याची तिची सवय. तडा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून सज्जातल्या बाकांमागे उतरत होता. तीन वर्षांपूर्वी तिनं स्वतः उभं राहून त्याच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. गिलावा खरवडायचा, वीट उघडी करायची, आणि तड्याच्या दोन्ही काठांना धरून पट्टी पक्की चिकटवायची. काचेवर तारीख कोरायची. भिंत हलली तर काच तडकते. काच अखंड असेल तर तडा मेलेला, जुना, निरुपद्रवी. यापेक्षा सोपं आणि यापेक्षा प्रामाणिक उपकरण तिला ठाऊक नव्हतं. गेल्या वेळी ती दुसऱ्या कामावर असल्यामुळे तिच्या कार्यालयातला मोजणीवाला एकटाच येऊन गेला होता. पट्ट्या अखंड, असं त्यानं येऊन सांगितलं होतं. ती खाली पोहत असे तेव्हा वर सज्जात माणसं बसायची, पण मान वर होत नसल्यामुळे खालून तिला तो सज्जा दिसत नसे. शनिवारी पोरं पोहायला आली की आयाबाप त्याच बाकांवर भिंतीला टेकून बसत.

आज मोजणीवाला तिच्याबरोबर होता, तिच्याच वयाचा, तोंडाचा फाटका. "ओळंबा, तू बाकावर बस, मी वाकून बघतो," तो म्हणाला. "बसले की जखडते मी. तूच बस," असं म्हणून ती बाकामागे गुडघ्यांवर टेकली. भिंत छान दिसत होती. पांढऱ्या टाइल्स खांद्याच्या उंचीपर्यंत नव्या लावल्या होत्या आणि त्यांच्यावर तिच्या तिन्ही पट्ट्या, अखंड, पुसून लख्ख केलेल्या, तीन वर्षांपूर्वीची तारीख कोरलेल्या. तिला क्षणभर समाधान वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की एका पट्टीखालून दोन टाइल्समधली सांध्याची रेघ चालली आहे. पट्टी तीन वर्षांची आणि तिच्याखालची टाइल नवी. ती तशीच गुडघ्यांवर राहिली. पाण्यात कोणीतरी उडी मारली आणि आवाज छतावर जाऊन परत आला.

तलावाचा व्यवस्थापक शिट्टी गळ्यात घालून वर आला. टापटिपीचा माणूस, कपड्यांच्या कपाटांना स्वतः नंबर घालणारा. "या पट्ट्या कोणी हलवल्या?" तिनं विचारलं. "हलवल्या नाहीत, बाई. टाइलवाला फेकून देणार होता. मी म्हटलं, खबरदार, सरकारी उपकरण आहे. मी स्वतः पातं घालून जपून काढल्या, एक टवका उडू दिला नाही. टाइल्स बसल्यावर होत्या त्याच जागी लावल्या. टेप धरून. तारखेला हातसुद्धा लावला नाही." त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. मोजणीवाल्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "होत्या त्याच जागी," ती म्हणाली, "पण टाइलवर." "हो, मग? भिंतच ना ती?" तिनं हातोडीच्या दांड्यानं टाइलवर टकटक केलं. पोकळ आवाज आला, मातीच्या घड्यासारखा. टाइल भिंतीपासून सुटलेली होती. मागे भिंत काहीही करत असली तरी टाइल तिच्याबरोबर जाणार नव्हती आणि काच टाइलबरोबर राहणार होती. तीन पट्ट्या इमानेइतबारे सांगत होत्या, की टाइलला काही झालेलं नाही.

दोन टाइल्स काढल्या. वीट दिसली. तड्यात तिचं करंगळीचं नख गेलं, तीन वर्षांपूर्वी जात नव्हतं. "सज्जा बंद," ती म्हणाली. "आजपासून. तलावही, भिंत टेकू देऊन धरेपर्यंत." "अहो, पण काच तर अखंड आहे," व्यवस्थापक म्हणाला. हे तो वाद म्हणून म्हणत नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "काच बरोबर आहे," ती म्हणाली. "तिला विचारलेलं चुकीचं होतं." मोजणीवाला काढलेली टाइल उलटीपालटी करून बघत होता. मग हळूच म्हणाला, "मी अखंड बघितली आणि पुढे गेलो गं. अखंड काचेखाली कोण बघतं?" "आता सगळे बघतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि त्याला तेच जड गेलं असावं. तो टेकूच्या माणसांना फोन करायला खाली उतरला.

ती सज्जाच्या जिन्यात थांबली. शिट्टी वाजली, पोहणारे एकेक करून पाण्याबाहेर येऊ लागले, ओल्या पावलांचे आवाज, कुणाची तरी कुरकुर. तिच्या डोक्यात मात्र डॉक्टरांचा पडदा उभा होता, आठ वर्षांचा तो शांत, सपाट, पहिल्या नंबरचा आलेख. सूज नाही. सूज नाही. सूज नाही. दर तीन महिन्यांनी एक अखंड काच. तिनं फोन लावला. डॉक्टर उचलतील असं वाटलं नव्हतं, पण उचलला. "एकच विचारायचंय," ती म्हणाली. "आठ वर्षं तुम्ही सूज मोजत होतात. हे प्रोटीन कधी मोजलं होतं?" पलीकडे थोडा वेळ कागद हलले. "कधीच नाही. ते नेहमीच्या तपासणीत नसतं. यावेळी तुमचं हिमोग्लोबिन जरा उतरलं होतं, म्हणून मी घातलं." "म्हणजे ते नवीन आहे, असं आपण म्हणू शकत नाही." "मी नवीन म्हटलं नव्हतं." "मी ऐकलं मात्र तसं. आणि इंजेक्शनामुळे आलं की आधीपासून होतं, हेही कोणी म्हणू शकत नाही." "नाही." "माझ्या धंद्यात अशा वेळी आम्ही जुना फोटो शोधतो," ती म्हणाली. "गिलावा व्हायच्या आधीचा." पलीकडे पुन्हा कागद उलटले गेले. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही अभ्यासात होतात. इंजेक्शन सुरू करताना आमच्या इस्पितळाचा जो अभ्यास चालला होता, त्यात. त्या लोकांचं सुरुवातीचं रक्त गोठवून ठेवलंय. तुमचं असायला हवं. पहिल्या टोचणीच्या आधीचं." "मिळेल?" "शोधावं लागेल. वेळ लागेल. पण बाई, मला हे आधी सुचायला हवं होतं." "मला काल सुचलं नव्हतं," ती म्हणाली. खरं म्हणजे तिला त्या क्षणी उत्साह वाटत होता, चुकीच्या जागची काच सापडली की वाटतो तसा, आणि तो उत्साह स्वतःच्या रक्ताविषयी असावा याचं तिला थोडं नवल वाटलं.

दिवस गेले. तलाव बंद, त्यामुळे पोहणं बंद, इंजेक्शन बंद. दुसऱ्या आठवड्यात जुनं दुखणं परत आलं, आणि आलं ते पाहुण्यासारखं दार वाजवून आलं नाही, घरच्यासारखं थेट आत येऊन आपल्या जागेवर बसलं. आधी माकडहाडाच्या दोन्ही बाजू, मग बरगड्या, मग पहाटेचं ते काँक्रीट. तिला ते दुखणं अक्षरन् अक्षर पाठ होतं. पण आता एक नवी अडचण झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की त्या दुसऱ्या आजारातही हाडं दुखतात, पाठ दुखते, थकवा येतो. काही नवीन वाटलं तर लगेच कळवा. नवीन म्हणजे कसं ओळखायचं? एकाच घरात, एकाच भिंतीआड, एकाच आवाजात दोघं बोलायला लागले तर कान लावूनही कोण बोलतंय ते कळेना. तिनं आपला जुना नियम लावून बघितला: चालल्यावर नरमतं ते जुनं. दुपारी कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात ती फेऱ्या घालायची, सगळं अंग कानासारखं करून. कंबर नरमायची. बरगड्या नरमायच्या. डावीकडे, खांद्याच्या पात्याखाली, एका बोटाच्या पेराएवढी जागा नरमली नाही असं तिला एकदा वाटलं. दुसऱ्या दिवशी ती जागाच सापडली नाही. "काय गं, कोणाला शोधतेयस?" मोजणीवाला खोलीतून ओरडायचा. "भाडेकरूला," ती म्हणायची. तलावाच्या भिंतीला टेकू लागले होते आणि तिथे गिलावा उकरून, विटेवर, तिनं स्वतःच्या डोळ्यांदेखत नव्या पट्ट्या बसवून घेतल्या होत्या. त्या भिंतीची तिला काळजी उरली नव्हती. तिची रात्र चांगली जायची, पहाट वाईट जायची, आणि दोन्हींच्या मधे एक छोटा पट्टा असे, जिथे ती जागी असे आणि वडील अंगणातून शीळ घालत येत. त्यांचं दुखणं थांबलं ती चार वर्षं खोटी होती का, हा प्रश्न तिला तिथे पडायचा. उजाडेपर्यंत तिचं उत्तर ठरलेलं असे: खोटी नव्हती. तिचा गाल त्याला साक्षी होता. पण आईची ती चार वर्षं आणि तिची ती चार वर्षं एक नव्हती, हेही तिला या पंधरवड्यात पहिल्यांदा कळलं.

नवरा पुन्हा गुडघे टेकायला लागला होता. तो आता पन्नाशी पार केलेला होता आणि उठताना त्याचेही गुडघे वाजायचे. "नालबंदालाच नाल लागणार आता," तो म्हणाला, पण डोळे मोज्यावरच ठेवून. "किती दिवस असं चालायचं?" "रक्त सापडेपर्यंत." "आणि सापडल्यावर त्यात ते निघालं तर?" "तर इंजेक्शन निर्दोष सुटलं. ते आधीपासूनच होतं असं ठरेल." "आणि नाही निघालं तर?" "तर मधल्या आठ वर्षांत आलं. इंजेक्शनामुळे किंवा इंजेक्शन असताना. ते वेगळं सांगता येणार नाही आणि आई जिंकेल." "तुझ्या आईला जिंकायचंय असं मला नाही वाटत," तो म्हणाला. हे त्यानं भूगोलाच्या आवाजात सांगितलं, नदी कुठून उगम पावते ते सांगतात तसं, आणि तिला ते बरोबर वाटलं.

सोमवारी दुपारी सव्वातीनला डॉक्टरांचा फोन आला. ती कार्यालयात, आपल्या टेबलाशी उभी होती; बसणं तिनं गेले काही दिवस सोडलंच होतं. "सापडलं," डॉक्टर म्हणाल्या. "तपासलंही. सुळका त्यातही आहे." "पहिल्या टोचणीच्या आधी?" "आधी. त्यामुळे इंजेक्शनानं सुरुवात केली नाही, हे नक्की. तुम्ही आज घेऊ शकता, माझी हरकत नाही." "आणि उंची?" "आजच्या निम्म्याहून थोडी जास्त." तिनं मनात आजच्या आकड्यातून तेव्हाचा वजा केला, उरलेला आठानं भागायला घेतला, मग थांबली. भागाकार करायला वाढ सरळ रेषेत झालेली असावी लागते. "मधे कुठे रक्त ठेवलेलं नाही?" "नाही. अभ्यासात फक्त सुरुवातीचं ठेवलं होतं." "म्हणजे आठ वर्षं हळूहळू वाढलं असेल, किंवा सात वर्षं जागच्या जागी राहून गेल्या वर्षी." "दोन्ही शक्य आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्या ‘काळजी करू नका’ म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल तिला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

ती घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात उभी होती. नवऱ्याला तिनं वाटेतून फोन केला होता आणि त्यानं आईला सांगितलं होतं. या वेळी त्याला सांगावं लागलं होतं. टेबलावर, स्वच्छ फडक्यावर, फ्रिजमधून काढलेलं इंजेक्शन ठेवलेलं होतं. "अर्धा तास झाला काढून," आई म्हणाली. "थंड टोचलं की दुखतं म्हणतेस ना." "आई, ते वाढलंय. हे तुला कळलं ना?" "कळलं. जावयांनी दोनदा सांगितलं, मी बहिरी नाही." "मग?" आईनं खुर्ची ओढून तिच्याकडे सरकवली. "मग काय? तुझ्या बाबांचं किरणांनी झालं की आजारानं, हे मला कोणी कधी सांगितलंच नाही. तुझं यानं झालेलं नाही एवढं तरी सांगितलं. आता पाठ तरी सोडव. जे यायचंय ते येईल तेव्हा त्याच्याकडे मान वळवून नाही, तर अंग वळवून तरी बघता यायला हवं." तिनं शर्ट वर केला, कातडीची चिमूट धरली आणि सुई टोचली. आई बघत होती. पूर्वी आठ वर्षांत ती एकदाही बघायला थांबली नव्हती.

बोन मॅरोची तपासणी गुरुवारी सकाळी साडेनऊला ठरली आहे. जुन्या रक्तातलं प्रोटीन आजच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. मधल्या वर्षांचं रक्त कोणाकडेही नाही.